लावणी घरात, लावणीवाली दारात

शाळेत भूगोल शिकवताना हंगेरी हा देश मी दोन ओळींत उरकत असे. राजधानी बुडापेस्ट, नदी डॅन्यूब, सपाट मैदान, गव्हाचं पीक. झालं! त्या देशाबद्दल निवृत्तीनंतर काही विचार करावा लागेल असं स्वप्नातही आलं नव्हतं. पण माझा भाचा चाकणच्या एका कारखान्यात इंजिनिअर आहे. कंपनीने त्याला दोन वर्षांसाठी तिकडे धाडलं आणि दर रविवारच्या फोनवर मावशीच्या ज्ञानात भर पडू लागली. थंडी किती, भेंडी मिळते का, ट्रामचं तिकीट केवढ्याला... आणि एका रविवारी स्वारी म्हणाली, "मावशी, काल मी दोन तास नाचलो."

आता हा मुलगा स्वतःच्या लग्नाच्या वरातीतसुद्धा रुमालाने घाम पुसत कडेला उभा होता. म्हटलं, कुठे नाचलास बाबा? तर म्हणे 'तान्त्सहाज'मध्ये. तान्त्स म्हणजे नाच आणि हाज म्हणजे घर. नाचघर म्हणा ना! संध्याकाळी एखाद्या सभागृहात माणसं जमतात. कोपऱ्यात तीन-चार वादक बसतात, व्हायोलिन, व्हायोला आणि एक भलंमोठं बास घेऊन. पहिला तासभर कुणीतरी पावलं शिकवतं, मग जो तो आपापल्या जोडीदाराबरोबर नाचतो. खुर्च्या भिंतीला लावलेल्या असतात त्या दमल्यावर बसायला. नुसतं बघायला म्हणून कुणी येतच नाही.

मला याची भारी गंमत वाटली आणि मी त्याच्यामागे माहितीसाठी भुणभुण लावली. मास्तरीण ती मास्तरीणच. त्याने पाठवलेलं आणि नातवाने शोधून दिलेलं वाचताना जे कळलं ते असं. हंगेरीत १९५१ साली सरकारी लोकनृत्य पथक निघालं. त्या काळी पूर्व युरोपातल्या सगळ्यांपुढे रशियातल्या इगोर मोइसेयेव यांच्या पथकाचा आदर्श होता. खेड्यातला नाच घ्यायचा, रंगमंचाच्या मापाने बेतायचा, रांगा सरळ करायच्या आणि तीस जणांची टाच एकाच ठोक्याला आपटायची. डोळ्यांना देखणं यात शंकाच नाही. पण खेड्यात तसं कुणी नाचतच नव्हतं! तिथे प्रत्येक जोडी निराळी, आणि त्या क्षणी सुचेल ते पाऊल टाकणारी. १९७२ साली बुडापेस्टमधल्या काही हौशी नृत्यपथकांनी ठरवलं की आपण हा नाच मंचासाठी न बसवता आपल्यासाठी शिकायचा. शान्दोर तिमार हे नृत्यदिग्दर्शक, फेरेन्त्स शेबो आणि बेला हाल्मोश हे वादक, आणि पाठीशी ग्योर्गी मार्तिन यांच्यासारखे संशोधक. ट्रान्सिल्व्हानियातलं सेक नावाचं खेडं त्यांनी डोळ्यांपुढे ठेवलं. तिथे नाचघराची चाल जिवंत होती. खेड्यात जायचं, म्हाताऱ्यांसमोर बसायचं, त्यांच्याकडून शिकायचं. पुढे १९८१ साली हेच तिमार त्या सरकारी पथकाचे प्रमुख झाले, म्हणजे जमिनीवर शिकलेला नाच पुन्हा मंचावर आला, पण बदलून आला. २०११ साली युनेस्कोने या नाचघराच्या पद्धतीला वारसा जपण्याचा उत्तम नमुना म्हणून आपल्या नोंदवहीत जागा दिली.

इथवर ठीक. पण मी अडकले ती वादकांपाशी. त्या खेड्यांतून लग्नाकार्यात वाजवणारे फार करून जिप्सी असत. जिप्सी हा शब्द त्यांच्यातल्या अनेकांना आवडत नाही, ते स्वतःला रोमा म्हणवतात. त्यांच्यातले काही गट वाद्याशिवायच नाचतात. तोंडाने बास वाजवल्यासारखा आवाज काढायचा, दुधाच्या किटलीवर नाहीतर घागरीवर ठेका धरायचा, की झाला नाच सुरू. आणि त्यांची भाषा? पाण्याला पानी, नाकाला नाक, कानाला कान, केसांना बाल, माणसाला मानुष. आकडे मोजतात ते येख, दुय, त्रिन, श्तार, पान्ज! हजार वर्षांपूर्वी आपल्याकडून निघालेली ही माणसं, असं भाषेचे अभ्यासक सांगतात ते उगीच नाही. हंगेरीतले बहुतेक रोमा आता हंगेरियनच बोलतात, पण जुनी भाषा काहींनी टिकवली आहे. १९७८ साली बुडापेस्टमध्ये त्यांच्यातल्याच तरुणांनी एक वाद्यवृंद काढला, त्याचं नाव 'काली याग'. म्हणजे काळी आग. मी नातवाला म्हटलं, अरे हे तर आपल्या आळंदीच्या बाजारातही कुणाला सांगावं लागणार नाही!

रोम हा शब्द 'डोम' या शब्दापासून आला असं अनेक अभ्यासक मानतात. डोम म्हटलं की मला डोंबारी आठवतात, आणि डोंबाऱ्यांच्या पाठोपाठ कोल्हाटी. कोल्हाटी म्हणजेच रोमा असं काही मी म्हणत नाही, एवढी मोठी उडी मारायला मी काही विद्वान नाही. पण तऱ्हा सारखी आहे. लग्नात व्हायोलिन त्यांचं हवं, शेजार मात्र नको. आपल्याकडे लावणी हवी, पण...

या 'पण'विषयीच आज लिहायचं आहे.

लावणी मी आधी ऐकली आणि फार उशिरा पाहिली. आमच्या लहानपणी, म्हणजे १९६० च्या आसपास, गावच्या जत्रेत तमाशा ठरलेला. नारायणगावला पाडव्याच्या सुमारास तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागत. गावोगावचे कारभारी तिथे जाऊन सुपारी देऊन येत, आजही तिथे ते चालतं. मग जत्रेच्या रात्री कनाती ठोकल्या जात. कनातीच्या आत गावातले पुरुष आणि बाहेर आम्ही. बाहेर म्हणजे फार बाहेर, घराच्या माळवदावर. तिथून ढोलकी ऐकू यायची, हलगी, तुणतुणं, आणि त्या सगळ्यांच्या वरून येणारा एक बाईचा आवाज. आई म्हणायची, झोपा गं. पण स्वतः ती जागीच असायची. गण, गवळण, बतावणी, मग वग, हा क्रम मला पाठ होता तो नुसता ऐकून. दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी होई तेव्हा उजेडात तीच माणसं दिसत. पण तिथेही बायकांनी लांबूनच बघायचं.

हे एवढ्यासाठी सांगितलं की 'लोककला मंचावर आल्या आणि बिघडल्या' असं जेव्हा कुणी सुस्कारा टाकून म्हणतं, तेव्हा मला विचारावंसं वाटतं, मंचावर आल्या नसत्या तर तुम्ही-आम्ही बायकांनी त्या बघितल्या असत्या का? कनातीच्या आत आम्हाला खुर्ची नव्हती. ती पहिल्यांदा मिळाली नाट्यगृहात, तिकीट काढून. तेव्हा मंचाला नावं ठेवताना मी तरी दहादा विचार करीन.

लावणी मंचावर आली कशी, याचे टप्पे आपल्याला ठाऊक असावेत. स्वातंत्र्यानंतर लगेचच बाळासाहेब खेरांच्या सरकारने तमाशावर बंदी घातली. पुढे ती उठली, पण अटींवर. शब्द तपासून घ्यायचे, अश्लील नको, असं सगळं. दुसरीकडे राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने 'महाराष्ट्र दर्शन'सारखे कार्यक्रम केले. वसंत बापट, लीलाधर हेगडे, सुधाताई वर्दे ही त्यातली मंडळी. चांगल्या घरच्या मुलींनी मंचावर लोकनृत्य करायचं हीच तेव्हा केवढी क्रांती! पुढे शाहीर साबळ्यांची 'महाराष्ट्राची लोकधारा' आली आणि कोळी, धनगर, वाघ्या-मुरळी, गोंधळ, लावणी असं सगळं एका संध्याकाळी, एका मंचावर, घरातल्या सगळ्यांना घेऊन बघता येऊ लागलं. अशोक रानड्यांनी 'बैठकीची लावणी' जाणकारांपुढे मांडली. १९९० च्या दशकात अकलूजला लावणीच्या स्पर्धा सुरू झाल्या, आणि सुरेखा पुणेकरांच्या 'नटरंगी नार'सारख्या कार्यक्रमांनी लावणी शहरांतल्या नाट्यगृहांत नेली. खास महिलांसाठी म्हणूनही लावणीचे प्रयोग लागू लागले. असल्याच एका प्रयोगाला आम्ही सहा शिक्षिका मिळून गेलो होतो. पन्नाशीला टेकलेल्या! थिएटरभर बायका. मध्यंतरापर्यंत सगळ्या पदर सावरून बसलेल्या, आणि मध्यंतरानंतर माझ्या शेजारच्या, एरवी पर्यवेक्षिका म्हणून शाळा थरथर कापायची त्या बाईंनी तोंडात दोन बोटं घालून शिट्टी मारली. मी आजवर ऐकलेली ती सर्वोत्तम शिट्टी.

असो. मंचाने काय दिलं ते हे झालं. आता काय गेलं ते सांगते, आणि ते मला कुठल्या पुस्तकाने नाही, एका विद्यार्थिनीच्या आईने शिकवलं.

१९८५ च्या आसपासची गोष्ट. मी तेव्हा एका तालुक्याच्या गावी शाळेत होते. माझ्या वर्गात एक मुलगी होती, तिची आई कला केंद्रात नाचत असे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, तमाशाचा ढोलकी फड वेगळा आणि संगीत बारी वेगळी. फडात वग असतो, सोंगाडे असतात, मोठा लवाजमा गावोगाव हिंडतो. संगीत बारीत तसं नाही. दोन-चार गाणाऱ्या-नाचणाऱ्या बायका, पेटीवाला, तबला-ढोलकीवाला, एवढीच पार्टी. थिएटरात एका रात्री अशा कितीतरी पार्ट्या असतात आणि पाळीपाळीने मंचावर येतात. पाळी म्हणजेच बारी. पुण्याचं आर्यभूषण, दौंडकडचं चौफुला, जामखेड, मोडनिंब ही त्यांची ठिकाणं. या पार्ट्या फार करून कोल्हाटी समाजातल्या. नाचणारीने लग्न करायचं नाही आणि तिच्या पायांतल्या घुंगरांवर भावाभावजयांसकट सगळं घर चालायचं, अशी रीत. डॉ. किशोर शांताबाई काळे यांचं 'कोल्हाट्याचं पोर' १९९४ साली आलं तेव्हा अनेकांना हे पहिल्यांदा कळलं. आम्हा शिक्षकांना थोडंफार आधीच माहीत होतं, कारण हजेरीपटावर काही मुलांच्या नावापुढे आईचंच नाव असे.

स्नेहसंमेलन जवळ आलं. मुलींची लावणी बसवायची ठरली. सगळ्या मुली एकमुखाने म्हणाल्या, बाई, हिला घ्या, हिला चांगली येते. दुसऱ्या दिवशी तिची आई शाळेत आली. साधं पातळ, डोक्यावर पदर. म्हणाली, "बाई, हिला नाचात नका घेऊ. ही नाचू नये म्हनून मी नाचती."

यावर मी काय बोलणार? मुलीला सूत्रसंचालन दिलं. तिने ते उत्तम केलं.

पण तालमी सुरू असताना ही आई मुलीला न्यायला येई आणि व्हरांड्यात खांबाला टेकून उभी राही. आठ मुली रांगेत उभ्या, टेपरेकॉर्डरवर कॅसेट लावलेली. एकदा मी सहज विचारलं, कसं वाटतंय? ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पोरी गुणाच्या हायेत बाई. पर समद्या एकाच टायमाला लाजत्यात. असं कुटं असतंय का?"

मी हसले आणि मग हसू थांबलं. खरंच की! आठ जणींनी एकाच मात्रेवर पदर तोंडाशी नेला, एकाच मात्रेवर मान झुकवली. कवायत म्हणून शंभरपैकी शंभर गुण. पण लाज ही काय सामुदायिक गोष्ट आहे?

मुली गेल्यावर ती व्हरांड्याच्या फरशीवर बसली. खाली मांडी घालून, पदर पुढ्यात घेऊन. एकच ओळ तिने पाच-सहा वेळा म्हटली. पहिल्यांदा ती ओळ तक्रार होती. दुसऱ्यांदा तीच ओळ आर्जव झाली. मग चेष्टा, मग खोटा राग, आणि शेवटी डोळ्यांत पाणी. शब्द तेच, चाल तीच. हलत होते ते फक्त डोळे, भुवया आणि पदराचं एक टोक. म्हणाली, "नजर आदी जाती बाई, हात मागनं. तुमच्या पोरी हात आदी नेत्यात आन् मग नजर हुडकीत बसत्यात." दोन हातांवर बसून मी लावणी पाहिली ती ही पहिली. बैठकीची लावणी अशी बसून, अदा करून सांगायची. उभ्याने नाचायची ती खडी लावणी, हे मी बी.ए.ला वाचलं होतं. त्याचा अर्थ त्या फरशीवर कळला.

मंच म्हटला की पहिली जाते ती ही नजर. चौथ्या रांगेपलीकडे भुवई दिसत नाही. मग भुवईचं काम कमरेला करावं लागतं, आणि अर्ध्या तासाची एक लावणी चार मिनिटांची होते, कारण पुढे कोळीनृत्य उभंच असतं. ढोलकीवाल्याच्या जागी आधी कॅसेट, मग सीडी, आता पेन ड्राईव्ह. ढोलकीवाला नाचणारीकडे बघून वाजवतो, ती त्याच्याकडे बघून पाऊल लांबवते. पेन ड्राईव्ह कुणाकडे बघणार? हंगेरीतल्या त्या मुलांनी १९७२ साली हेच तर ओळखलं, की नाच म्हणजे पावलांचा तक्ता नव्हे, ते बोलणं आहे. समोरचा काय म्हणतो त्यावर तुमचं पुढचं वाक्य ठरतं.

त्या बाईने पुढे आठ दिवस मुलींना शिकवलं. प्रत्येकीला वेगळं लाजायला लावलं. आमच्या लावणीला पहिला नंबर मिळाला. कार्यक्रमपत्रिकेत तिचं नाव घालायचं मी ठरवलं होतं, तिनेच हात धरला. "नगा बाई. पोरीला तरास व्हईल." पत्रिकेत आठही मुलींची नावं होती, पेटीवर साथ करणाऱ्या सरांचं होतं, पडदा ओढणाऱ्या शिपायाचंही होतं. ती शेवटच्या रांगेत, दाराशी बसली होती. तिची मुलगी पुढे परिचारिका झाली. दर दिवाळीला तिचा फोन येतो.

मला वाटतं, मंचाचा खरा प्रश्न नजर, वेळ, रांगा हा नाहीच. ते कौशल्याचे प्रश्न आहेत, जाणकार माणूस ते सोडवतो. खरा प्रश्न पत्रिकेतल्या नावाचा आहे. नाच आत आला, नाचणारी दाराशी राहिली. विठाबाई नारायणगावकरांची कथा सगळ्यांना ठाऊक आहे. फडावर नाचता नाचता कळा सुरू झाल्या, आत जाऊन बाळंत झाल्या आणि पुन्हा फडावर आल्या असं सांगतात. आपण ती कथा कौतुकाने सांगतो. त्यांची शेवटची वर्षं हलाखीत गेली, २००२ साली त्या वारल्या, आणि २००६ पासून सरकार त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देतं. वाईच्या यमुनाबाईंना १९७७ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, पद्मश्री मिळाली २०१२ साली, वयाच्या शहाण्णव्या वर्षी. २०१८ साली एकशे दोन वर्षांच्या होऊन त्या गेल्या. मिळालं हे चांगलंच झालं. पण मान घ्यायला एवढं जगावं लागावं?

उलटी उदाहरणंही आहेत आणि ती सांगितली पाहिजेत. भूषण कोरगावकरांचं 'संगीत बारी' हे पुस्तक २०१४ साली राजहंसने काढलं. त्यातून सावित्री मेधातुल यांनी त्याच नावाचा मंचीय कार्यक्रम उभा केला. त्यात शकुंतलाबाई नगरकरांसारख्या, बारीत आयुष्य काढलेल्या कलावंत स्वतः मंचावर येतात, बसून अदा करतात, आपल्या नावानिशी. म्हणजे हंगेरीतल्या लोकांनी केलं तेच. ज्याचा नाच, त्याच्यापाशी जायचं, आणि आणायचाच तर त्यालाही बरोबर आणायचं.

या बायकांची नावं पाहिलीत का? वाईकर, नारायणगावकर, पुणेकर, नगरकर. लोककलावंताने गावाचं नाव लावायची आपल्याकडे चालच आहे. ज्या गावांनी नाचणाऱ्या बाईला आपल्या उंबऱ्याच्या आत घेतलं नाही, त्या गावांची नावं या बायकांनी आयुष्यभर मिरवली.

आता माझ्या दारातली गोष्ट. आमची चऱ्होली १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आली. त्याआधी हे शेतांचं गाव, वाघेश्वराच्या देवळाचं आणि इंद्रायणीकाठचं. आता चहूकडे उंच इमारती. आमच्या सोसायटीत विदर्भातले, मराठवाड्यातले, कानडी, बिहारी असे सगळे आहेत. त्यामुळे गणपतीतले कार्यक्रम म्हणजे मोठीच उलाढाल. यंदा 'महाराष्ट्राची लोकनृत्यं' असा विषय ठरला. सोसायटीतल्या मुली लावणी करणार हे सगळ्यांना पसंत पडलं, कौतुकाने पसंत पडलं. मी सुचवलं की मुलींची लावणी होऊ दे, पण तिच्याआधी कला केंद्रातल्या एखाद्या जाणत्या कलावंत बाईंना बोलावू आणि एक बैठकीची लावणी ऐकू. मुलींनाही कळेल.

खोलीत अशी शांतता पसरली की पंख्याचा आवाज ऐकू यावा. मग एक गृहस्थ म्हणाले, "काकू, ही फॅमिली सोसायटी आहे." दुसरे म्हणाले, "मुलींनी केलेलं वेगळं आणि तसल्या बायकांनी केलेलं वेगळं."

मी विचारलं, श्रावणात मंगळागौरीचा ग्रुप बोलावला होता ना? बारा बायका आल्या. एकसारख्या नऊवाऱ्या, नथी. झिम्मा, फुगडी, लाट्या-बाया सगळं मंचावर केलं. माझ्या आजीच्या काळी हे खेळ रात्री जागून, माजघरात, बायकांनी बायकांसाठी खेळायचे. तेही मंचावर आलेच. त्यांनी मानधन घेतलं, घ्यायलाच हवं, आणि आपण पाकीट देऊन वर त्यांच्या ओट्या भरल्या. दोघीही बायका, दोघीही नाचतात, दोघीही पैसे घेतात. मग एकीची ओटी आणि दुसरीला 'तसली', हा फरक नाचात आहे की आपल्यात?

कुणी उत्तर दिलं नाही. पण कोपऱ्यात बसलेल्या आमच्या वॉचमनच्या बायकोने माझ्याकडे बघून मान हलवली. सभासद नसल्यामुळे तिचं मत धरत नाहीत, नाहीतर पहिलं मत तिचंच होतं.

आमच्यापासून आळंदी हाकेच्या अंतरावर. ज्येष्ठ वद्य अष्टमीला माउलींची पालखी निघते तेव्हा तिथे जाऊन बघा. टाळकरी पावली खेळतात, सत्तरीच्या म्हाताऱ्या अनोळखी बायकांचे हात धरून फुगडी घालतात. तिथे मंच नाही आणि प्रेक्षकही नाही. कोण कुणाची, हे फुगडीचा हात देताना कुणी विचारत नाही. हंगेरीत भाचा जिथे नाचला त्या नाचघरासारखं आपल्याकडे काय आहे, असा विचार करत होते, ते हे. बघणारा आणि नाचणारा वेगळे झाले की मगच एक वरचा आणि एक खालचा होतो. ते वेगळे व्हायचे हे आता टळत नाही, शहरात मंच लागतोच. निदान मंच मांडताना वारीतली ती फुगडी आठवावी.

तिसऱ्या मीटिंगला ठराव पास झाला. अटींवर. वेळ अर्धा तास, लावण्यांची यादी आधी द्यायची, साडेआठच्या आत आटपायचं. मला खेरांचं सरकार आठवलं आणि हसू आलं. पण घेतलं. बंदीपेक्षा अट बरी, अटीला पुढच्या वर्षी धक्का देता येतो.

ओळखीने एका कलावंत बाईंचा फोन नंबर मिळवला. साठीच्या असाव्यात, आवाज भारदस्त. मी मानधन सांगितलं, त्यांनी फारसं ताणलं नाही. ढोलकी आणि पेटी स्वतःची आणणार. यादीची अट सांगताना मलाच संकोच वाटला, त्या म्हणाल्या, "द्या की यादी, त्यात काय." शेवटी मी विचारलं, तुमचं काही म्हणणं आहे का? थोडं थांबून त्या म्हणाल्या, "ताई, कपडे बदलायला खोली मिळंल ना? आन् दाराला आतनं कडी हाय का, तेवढं बघून ठिवा."

इतकी वर्षं मंचावर काढून त्यांचं मागणं एवढंच! मला काही बोलायला सुचेना. म्हटलं, बाई, तुम्ही माझ्या घरी उतरा. दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट आहे. खोली आहे, कडी आहे. जेवूनच खाली जाऊ.

सेक्रेटरींनी काल विचारलं की फलकावर काय लिहायचं, 'लावणी' एवढंच लिहून पुरेल ना? मी कागदावर त्यांचं पूर्ण नाव लिहून दिलं, श्रीमती लावून, शेवटी गावाच्या नावासकट, आणि मुलींच्या नावाएवढ्याच अक्षरांत रंगवा म्हटलं. मुलींना सांगून ठेवलंय की त्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता माझ्याकडे या. बाई तयार होत असताना दाराबाहेर बसा, आणि त्यांनी बोलावलं तरच आत जा. शिकायचं असेल तर विचारा. कदाचित त्या नजर आधी की हात आधी ते सांगतील.

तुमच्यापैकी कुणाच्या गावी जत्रेत तमाशा होत असेल, किंवा घरातल्या जुन्या बायकांनी माळवदावरून ऐकलेल्या लावणीची आठवण सांगितली असेल, तर मला जरूर कळवा. आमच्या पिढीनंतर ते सांगणारं कुणी उरणार नाही. आणि त्या कलावंतांचं नाव आठवत असेल तर ते आधी लिहा.